प्रतिकारक की प्रतिबंधक? आयोडीनच्या निमित्ताने

प्रश्न असा आला आहे: ‘आयोडीन हे रोगप्रतिकारशक्ती वाढवणारे मूलद्रव्य आहे’ हे वाक्य भाषेच्या दृष्टीने बरोबर आहे का? त्याला जोडून दुसरा प्रश्न: गलगंड, गालगुंड आणि गंडमाळ ही एकाच दुखण्याची तीन नावे आहेत का?

व्याकरणात या वाक्याला नाव ठेवता येणार नाही. ‘रोगप्रतिकारशक्ती’ आणि ‘रोगप्रतिकारक शक्ती’ ही दोन्ही रूपे चालतात. पहिल्यात ‘प्रतिकाराची शक्ती’ असा समास आहे, दुसऱ्यात ‘प्रतिकारक’ हे विशेषण. वाक्य अडते ते अर्थापाशी, आणि त्यातही ‘वाढवणारे’ या शब्दापाशी.

मराठीत ‘प्रतिकार’ आणि ‘प्रतिबंध’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि तो भेद मोलाचा आहे. अंगावर चालून आलेल्याला तोंड देणे हा प्रतिकार. संकट उद्भवूच नये अशी आधीच तजवीज करणे हा प्रतिबंध. जंतू शरीरात शिरल्यावर पांढऱ्या पेशी त्यांच्याशी लढतात, तो प्रतिकार झाला. आयोडीनचे मुख्य काम या लढाईतले नाही. आहारातून ते पुरेसे मिळाले की त्याच्या अभावाने होणारे विकार होत नाहीत, म्हणून आयोडीनयुक्त मिठाला ‘गलगंड-प्रतिबंधक’ म्हणणे अगदी नेमके आहे. ‘रोगप्रतिकारक मीठ’ म्हटले की शब्द चुकला आणि समजूतही.

मग प्रतिकारशक्तीशी आयोडीनचा काहीच संबंध नाही का? आहे, पण बराचसा आडवळणाने. शरीरातले आयोडीन अवघे 15 ते 20 मिलिग्रॅम, आणि त्यातले बहुतेक गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठवलेले. ही ग्रंथी त्यापासून दोन संप्रेरके (हार्मोन्स) घडवते. एकाच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, दुसऱ्याच्या रेणूत तीन. म्हणून त्यांना टी-4 आणि टी-3 म्हणतात. शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींच्या कामाची गती या संप्रेरकांवर ठरते, आणि त्यांत प्रतिकार करणाऱ्या पेशीही आल्याच. याशिवाय पांढऱ्या पेशींमधले एक विकर (एन्झाइम) आयोडाइडच्या, म्हणजे आयोडीनच्या क्षारातल्या रूपाच्या, मदतीने जंतू मारू शकते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण शरीरात त्या विकराला या कामासाठी मुबलक मिळते ते आयोडाइड नव्हे, तर मिठातले क्लोराइड. तेव्हा एवढ्यावरून आयोडीन खाल्ल्याने प्रतिकारशक्ती वाढते असे म्हणता येत नाही.

गोंधळाचे मूळ मला दुसरीकडे दिसते. ‘आयोडीन’ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर जखमेवर लावायचे तपकिरी औषध येते. टिंक्चर आयोडीनलाही बोलण्यात नुसते आयोडीनच म्हणतात. ते जंतुनाशक आहे यात शंका नाही. कातडीवर लावले की जंतूंना थेट गाठून मारते. पण तिथे शरीर लढत नाही, औषध लढते. त्याला प्रतिकारशक्ती म्हणत नाहीत. बाहेरून जंतू मारणारे द्रव्य पोटात घेतले की आतूनही जंतू मारेल, असा हिशेब मनातल्या मनात होतो आणि त्यातूनच अशी वाक्ये जन्माला येतात. एकच शब्द दोन कामांना वापरला की असे होते. म्हणून लिहिताना ‘जंतुनाशक आयोडीन’ आणि ‘आहारातले आयोडीन’ असा फरक स्पष्ट करावा. जखमेचे औषध पिणे धोक्याचे आहे, तेव्हा हा फरक केवळ शुद्धलेखनाचा राहत नाही.

‘वाढवणारे’ या शब्दाला माझा सर्वांत जास्त आक्षेप आहे. त्यातून असे सुचते की जितके जास्त तितके चांगले. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गरोदर आणि स्तनदा स्त्रियांना 250. सत्तर वर्षांच्या आयुष्याची गरज मोजली तरी जेमतेम चार ग्रॅम भरते. गरोदरपणात ते फार कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि ते नुकसान पुढे भरून निघत नाही. इतके ते आवश्यक आहे. उलट गरजेपेक्षा फार जास्त आयोडीन दीर्घकाळ घेतले तर काही जणांत प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करण्याची शक्यता वाढते. ज्याला आपण प्रतिकार म्हणतो तोच तिथे घरभेदी होतो. म्हणून आयोडीनसंबंधी ‘पुरेसे’, ‘राखणे’, ‘सुरळीत ठेवणे’ हे शब्द योग्य. ‘पुरेसे आयोडीन मिळाले की थायरॉइडचे काम सुरळीत चालते, आणि एकूण आरोग्य राखायला त्याची मदत होते’ असे मी लिहीन. जाहिरातीला ते फिके वाटेल, पण खरे आहे.

आता त्या तीन शब्दांकडे. ही तीन वेगळी दुखणी आहेत.

‘गंड’ म्हणजे फुगवटा, गाठ. न्यूनगंड, अहंगंड या शब्दांतही मनातली गाठ आहेच. गळ्यावरचा फुगवटा तो गलगंड. शब्द जुना, संस्कृत वैद्यकग्रंथांतला. ही सूज गळ्याच्या पुढच्या भागात, कंठमण्याच्या खाली असते, आणि तिची एक खूण डोळ्यांना सहज दिसते: माणसाने पाण्याचा घोट घेतला की ती गिळण्याबरोबर वर सरकते आणि पुन्हा खाली येते. थायरॉइड श्वासनलिकेला बिलगलेली असते म्हणून असे होते. आयोडीन कमी पडले की संप्रेरके कमी बनतात, मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी ‘आणखी बनव’ असा तगादा लावते, आणि त्या तगाद्यापायी थायरॉइड वाढत जाते. गलगंडाची इतरही कारणे आहेत. त्यामुळे प्रत्येक गलगंड आयोडिनाच्या कमतरतेचाच, असे समजू नये.

गालगुंड निराळे. ते विषाणूमुळे होते, एकाचे दुसऱ्याला लागते, आणि सूज येते ती कानाच्या पुढे-खाली, गालाशी, लाळग्रंथीला. त्याचा आयोडीनशी संबंध नाही. ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द खरा शोभतो तो इथे: एकदा गालगुंड होऊन गेले की बहुधा पुन्हा होत नाही. उच्चार जवळचे असल्याने छापील मजकुरातसुद्धा ‘आयोडीनअभावी गालगुंड होते’ असे वाचायला मिळते. ती ढळढळीत चूक आहे.

गंडमाळ म्हणजे गाठींची माळ. मानेतल्या लसीका ग्रंथी (लिम्फ नोड) एकापुढे एक सुजतात, अनेकदा क्षयाच्या जंतूंमुळे. तीही आयोडिनाने बरी होणारी नाही.

जाता जाता ‘अवटु ग्रंथी’विषयी. थायरॉइडसाठी हा पारिभाषिक शब्द रूढ आहे, पण अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘अवटुर्घाटा कृकाटिका’ असे आहे, म्हणजे अवटु ही मानेची मागची बाजू. ग्रंथी मात्र पुढे! ‘थायरॉइड’ हे नावही मूळचे ग्रंथीचे नाही. ग्रीकमधली ढाल त्यात आहे, आणि ती शेजारच्या ढालीसारख्या कूर्चेवरून (लवचीक हाडावरून) आली. इंग्रज वैद्य थॉमस व्हार्टन यांनी 1656 मध्ये हे नाव ग्रंथीला दिले. परिभाषेत शब्द एकदा रुळला की मूळ अर्थावरून त्याला हलवू नये असे माझे मत आहे. तरी सर्वसाधारण वाचकासाठी लिहिताना मी ‘थायरॉइड’च लिहितो, कारण तो शब्द आता घरोघर आहे.

खुद्द ‘आयोडीन’ हा शब्दही ग्रीकच, जांभळ्या रंगावरून आलेला. फ्रेंच रसायनतज्ज्ञ बेर्नार कूर्त्वा यांना 1811 मध्ये समुद्री शेवाळाच्या राखेवर काम करताना जांभळी वाफ दिसली, तेव्हा या मूलद्रव्याचा शोध लागला. मराठीत तो नपुंसकलिंगी चालतो: ते आयोडीन. उपान्त्य ‘डी’ दीर्घ. प्रत्यय थेट लावला तर ‘आयोडीनचा’, ‘आयोडीनमुळे’ असे दीर्घच राहते. सामान्यरूप केले तर ‘जमीन–जमिनीचा’प्रमाणे ऱ्हस्व होऊन ‘आयोडिनाचा’, ‘आयोडिनामुळे’. दोन्ही पद्धती चालतात. ‘आयोडीनाचा’ मात्र नको.