आमचा बोका वाटीतलं पाणी पीत नाही, नळाची धार मात्र चाटतो. मालवणजवळ राहतो, पावसात लाईट सारखी जाते. त्याच्यासाठी पंपाने पाणी वाहतं ठेवणारं मांजरांचं फाउंटन घ्यावं का? कोणतं?

धार चाटतो म्हणताय तर घ्या. फाउंटन आणलं की सगळीच मांजरं जास्त पाणी पितात असं नाही, काही तर ढुंकूनही बघत नाहीत. पण वाहत्या पाण्याची आवड आधीच असेल तर पैसे सहसा वाया जात नाहीत.

आपल्याकडे आधी एकच गोष्ट बघायची. पंप थांबला की पाणी कुठे राहतं? बऱ्याच मॉडेलांत ते सगळं खालच्या झाकलेल्या टाकीत उतरतं आणि वरची ताटली कोरडी पडते. एखादी फांदी तारेवर पडली की रात्रभर लाईट नाही, म्हणजे बोकाही रात्रभर तहानलेला. तेव्हा पंप बंद असतानाही वर उघडं पाणी राहील असंच घ्या. हे पंप बहुतेक ५ व्होल्टचे, यूएसबीवर चालणारे असतात. वीज एक-दोन वॅट खातात, त्यामुळे पॉवर बँकेवरही चालतात. फक्त काही पॉवर बँका इतका कमी करंट दिसला की आपोआप बंद होतात, तेव्हा आधी लावून बघा.

प्लास्टिक मी घेणार नाही. त्यावर चरे पडतात, चऱ्यांत बुळबुळीत थर धरतो आणि काही मांजरांच्या हनुवटीवर काळे ठिपके येतात. स्टील चांगलं, पण ‘स्टीलचं’ म्हणून विकतात त्यातल्या कित्येकांची नुसती ताटली स्टीलची असते, टाकी प्लास्टिकचीच. शिवाय समुद्राच्या हवेत हलक्या स्टीलवर तांबूस डाग येतात, म्हणून ३०४ (स्टीलची प्रत) लिहिलंय का ते बघा. आमच्याकडे चिनी मातीचं आहे. जड आहे, त्यामुळे बोक्याने कितीही पंजे मारले तरी उलटत नाही.

आता पंप. आमच्या पंपाचं झाकण नखाने निघतं. आत बोटाच्या पेराएवढा पांढरा पंखा असतो, त्याच्या दांड्यावर चुंबक. बाहेर काढला की त्याला केस गुंडाळलेले दिसतात आणि बोअरचं पाणी असेल तर तांबडा चिकट गाळही. जुन्या टूथब्रशने घासला की घुरघुर बंद. हा पंखा हाताने काढता येत नसेल तर ते फाउंटन कितीही देखणं असो, घेऊ नका. आठवड्यातून एकदा सगळं सुटं करून धुवायचं, पावसाळ्यात दोनदा.

फिल्टरच्या जाहिरातींवर फार जाऊ नका. कोळशाचा फिल्टर वास आणि क्लोरीन कमी करतो, पण खाडीकाठच्या विहिरीचं मे महिन्यातलं मचूळ पाणी त्याने गोडं होत नाही. तुम्ही पिता तेच पाणी त्यालाही द्या.

आणि फाउंटनपेक्षा जास्त पाणी ओल्या जेवणातून जाऊ शकतं, हे लोक विसरतात. चार किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं. मांजरांच्या विकतच्या कोरड्या खाद्याच्या दाण्यांत पाणी जेमतेम दहा टक्के, ताज्या मासळीत सत्तरच्या पुढे. पेडवे किंवा बांगडा मीठ-हळद न घालता उकडा, काटे काढा आणि ते उकडलेलं पाणी दाण्यांवर ओता. आमचा आधी पाणीच संपवतो. रोज नुसती मासळीच नको, दाणे चालू ठेवा. खारवलेला बांगडा मात्र कितीही मागे लागला तरी नाही.

तुमचा बोका आहे म्हणून एक सांगतो. तो सारखा लघवीला बसतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं तर पाणी वाढवून बघत बसू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि बोका त्यात एक-दोन दिवसांत जातो. तालुक्याला डॉक्टर नसेल तर गाडी करून कुडाळ, कणकवली, जिथे मिळेल तिथे त्याच दिवशी न्या.