गुलमर्गला 'गरिबांचं स्वित्झर्लंड' म्हणतात. तिथल्या स्कीइंगला आणि स्पर्धांना काही इतिहास आहे का? चाळिशीत तिथे शिकायला जावं का?

'गरिबांचं स्वित्झर्लंड' हे मी पहिल्यांदा आमच्या साडूंच्या तोंडून ऐकलं, त्यामुळे उत्तर जरा तिखट होईल. साडू एकदा स्वित्झर्लंडमधल्या टिटलिस शिखरावर जाऊन आले. स्कीला हात लावला नाही, पण तेव्हापासून घरात बर्फाचा विषय निघाला की शेवटचा शब्द त्यांचा.

इतिहास आहे की! १९२७ साली दोन ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी तिथे स्की क्लब ऑफ इंडिया काढला. नाताळ-ईस्टरला साहेबलोकांच्या शर्यती व्हायच्या, १९४७ नंतर ते सगळं ओसरलं. साठच्या दशकात सरकारने पुन्हा हीच जागा निवडून शिकवणारी संस्था उभी केली. गोंडोलाचं, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेचं, काम १९८८ला सुरू झालं आणि काश्मीर पेटल्यावर रखडलं. पहिला टप्पा १९९८ला चालू झाला, वरच्या अफरवत डोंगरापर्यंतचा दुसरा २००५ला. त्याआधीच, १९९६ला, तिथे राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा झाल्या होत्या. २०२०पासून खेलो इंडियाच्या होतात.

मी गेलो तेव्हा एक्केचाळिशीचा होतो. चौदा दिवसांचा बेसिक कोर्स. पहिले दोन दिवस सपाटीवर नुसतं चालायचं, मग बदकासारखे पाय फाकवून स्वतःच चढ चढायचा. त्या बुटांत घोटा हलत नाही, आणि आपलं आयुष्य गेलेलं चपलांत. उतरताना स्कीची टोकं जवळ, मागची बाजू फाकलेली, हाच ब्रेक. सर खालून 'घुटना! घुटना!' ओरडायचे आणि मी नेमका गुडघा ताठ करायचो.

शेवटच्या दिवशी आमची शर्यत. बारा काठ्या, म्हणजे 'गेट', रोवलेल्या, त्यांच्यामधून वळत खाली यायचं. चौथ्या काठीला आडवा झालो, एक स्की निघून वीसेक फूट खाली गेली. सर म्हणाले, चुकलेलं गेट परत चढून घे, नाहीतर बाद. स्की आणली तर बुटाच्या तळाला बर्फ घट्ट बसलेला, बूट स्कीला अडकवणारं बाइंडिंग लागेचना. हातातल्या पोलच्या टोकाने खरवडलं, चढलो, गेट घेतलं, खाली आलो. एकोणीस जणांत अठरावा. एकोणिसावे नागपूरचे बँकवाले काका, ते मध्येच फोटो काढायला थांबले होते.

साडूंचा हिशोब: "म्हणजे शेवटून दुसरा."

२०२२ला बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, गुलमर्गच्या पायथ्याच्या टांगमर्गचा आरिफ खान. जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे लांब-लांब रोवलेल्या गेटांमधून वळत उतरण्याच्या शर्यतीत, तो ४५वा आला. स्लॅलम, म्हणजे जवळजवळच्या गेटांची शर्यत, पूर्ण झाली नाही. साडूंनी फॅमिली ग्रुपवर हसणारा चेहरा टाकला. अहो, जायंट स्लॅलमच्या दिवशी बर्फ पडत होता, कितीतरी जण खालपर्यंत पोचलेच नाहीत! मी एवढंच लिहिलं, की बारा काठ्यांचा उतार वरून एकदा बघा, मग हसा. बायकोने तो मेसेज डिलीट करायला लावला.

तर चाळिशीत जावं का? जावंच. आणि युरोपाशी तुलना कुणी केली तर त्याला आधी विचारा, स्कीवर किती तास उभा होतास.

फक्त जानेवारीचं बुकिंग करू नका. २०२४च्या जानेवारीत तिथे जमीन कोरडी होती, आणि २०२५च्या खेलो इंडिया स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. अफरवतवरच्या मोकळ्या उतारांवर गाइडशिवाय पाऊल टाकायचं नाही, तिथे हिमस्खलनात माणसं गेली आहेत. गुडघा कुरकुरत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. हे खरं तर वरच लिहायला हवं होतं.

फी दरवर्षी बदलते, संस्थेलाच विचारा. परवा साडूंनीही विचारली. मुलासाठी, म्हणे.