फ्रेंच वाचता येतं, लिहिता येतं, पण बोलायची वेळ आली की घाबरायला होतं. आत्मविश्वास कसा आणायचा?

तुम्ही लिहिलंय की ए२ पर्यंतचं, म्हणजे सुरुवातीच्या दुसऱ्या पातळीपर्यंतचं व्याकरण झालंय, वाचलेलं बऱ्यापैकी समजतं, पण क्लासमध्ये नाव घेतलं किंवा ऑनलाइन कोणी फ्रेंच माणूस समोर आला की डोकं एकदम कोरं होतं, आणि आधी ही भीती जाऊ दे मग बोलायला लागू असं वाटतं. मी फ्रेंच शिकले आणि आता नवीन शिकणाऱ्यांकडून बोलायचा सराव करून घेते, त्यामुळे हे अगदी रोज बघते, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी एक सांगते, हे फक्त तुम्हालाच होतंय असं अजिबात नाही. परकी भाषा शिकताना वाटणारी भीती हा वेगळा अभ्यासाचा विषय आहे. १९८६ साली एलेन हॉर्विट्झ, मायकल हॉर्विट्झ आणि जोआन कोप यांनी ती मोजण्यासाठी ३३ विधानांची एक प्रश्नावली केली, आणि त्यांचं म्हणणंच हे होतं की एरवी धीट असलेला माणूसही भाषेच्या वर्गात गांगरू शकतो. कारण तिथे तुमचे विचार मोठ्या माणसाचे असतात आणि ते सांगायला हाताशी शब्द मात्र लहान मुलाइतके. हुशार, बोलक्या लोकांना हे जास्त टोचतं असं माझं निरीक्षण आहे.

आता माझं मुख्य म्हणणं. बहुतेकांना वाटतं आपल्याला बोलायची भीती वाटते. पण नीट विचारलं की कळतं, खरी धास्ती असते ती पुढच्या क्षणाची, म्हणजे मी एक वाक्य बोलेन, समोरचा भराभरा काहीतरी उत्तर देईल, ते मला कळणार नाही आणि मग मी काय करू? तुमचं स्वतःचं वाक्य बहुतेक वेळा तयार असतं हो, अडतं ते कानाशी. आणि फ्रेंचमध्ये हे होणारच, कारण लिहिलेली फ्रेंच आणि बोललेली फ्रेंच यात फार अंतर आहे. पुस्तकात तुम्ही ‘ज न से पा’ शिकता, म्हणजे मला माहीत नाही, आणि बोलणारा माणूस म्हणतो ‘शे पा’. ‘ज स्वी’ (मी आहे) चं ‘श्वी’ होतं, ‘इल या’ (अमुक आहे) चं नुसतं ‘या’ होतं. त्यात शब्द एकमेकांना चिकटतात, ‘ले’ आणि ‘आमी’ (मित्र) हे दोन शब्द मिळून ‘लेज़ामी’ ऐकू येतं, मग तुम्ही डोक्यात ‘ज़ामी’ नावाचा शब्द शोधत बसता आणि तोवर गाडी पुढे गेलेली असते. हे कोणी आधी सांगितलेलं नसलं की माणूस म्हणतो मलाच काही येत नाही, आणि घाबरतो.

म्हणून उपाय कानापासून सुरू करा. फ्रान्सच्या आर.एफ.आय. रेडिओचं ‘जूर्नाल आं फ्रांसे फासिल’ म्हणून १० मिनिटांचं सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र आहे, त्याची संहिताही मिळते. पूर्ण ऐकायची गरज नाही, अर्धा मिनिट घ्या. आधी नुसतं ऐका, मग संहितेवर बोट ठेवून ऐका आणि कुठले शब्द चिकटले, कुठली अक्षरं गिळली गेली त्यावर पेन्सिलने खूण करा, मग त्याच वेगात, त्याच चालीत त्याच्या मागोमाग स्वतः मोठ्याने म्हणा. अर्थ बाजूला ठेवा, नुसती चाल पकडा. असं काही आठवडे रोज केलं की एक दिवस समोरच्याचं वाक्य तुटून वेगवेगळं ऐकू यायला लागतं, आणि भीती तिथून उतरायला लागते. बातम्यांची भाषा जरा नीटनेटकी असते हे खरं, त्यामुळे ‘शे पा’ वगैरे तिथे कमी सापडेल, त्यासाठी सोबत गप्पांचे पॉडकास्ट घ्या.

दुसरी गोष्ट, अडल्यावर काय म्हणायचं ते आधीच तोंडात बसलेलं पाहिजे, झोपेतून उठवलं तरी यायला पाहिजे इतकं. ‘वू पूवे रेपेते, सिल वू प्ले?’ म्हणजे परत सांगाल का. ‘म्वँ वीत, सिल वू प्ले’ म्हणजे जरा हळू. ‘आतांदे, ज शेर्श मे मो’ म्हणजे थांबा, शब्द शोधतेय. आणि मधली जागा भरायला ‘आलॉर’, ‘आं फेत’, ‘बँ’ असले शब्द, म्हणजे आपलं ‘तर’, ‘खरं तर’, ‘बरं’, फ्रेंच लोक स्वतः सतत वापरतात. गप्प बसून आतल्या आत घामाघूम होण्यापेक्षा ‘आलॉर...’ म्हणून दोन सेकंद घेतले तर समोरच्यालाही कळतं की बोलणं चालू आहे, आणि तो थांबतो. ही चार-पाच वाक्यं पाठ असलेला माणूस आणि नसलेला माणूस यांच्या चेहऱ्यातला फरक मी बघितलाय. व्याकरण दोघांचं सारखंच असतं, पण एकाला माहीत असतं की अडलो तरी बाहेर पडायचा रस्ता आहे. संभाषणाची पहिली काही वाक्यंही अशीच पक्की करून ठेवा, बाँजूर, कसे आहात, मी अमुक करते, फ्रेंच शिकतेय. आणि बाँजूर कधीच गाळू नका, फ्रेंच लोकांत थेट मुद्द्यावर येणं उद्धट समजतात.

चुकांबद्दल बोलायचं तर फ्रेंचची एक बाजू कोणी फारशी सांगत नाही. लिहिताना जितक्या चुका दिसतात त्यातल्या पुष्कळशा बोलताना ऐकूच येत नाहीत! ‘पार्ले’ म्हणजे बोलणे, या क्रियापदाची वर्तमानकाळातली रूपं बघा, मी, तू, तो, ते या सगळ्यांत मिळून तीन वेगवेगळ्या शेपट्या लिहितात पण उच्चार एकच, ‘पार्ल’. ‘आम्ही’ साठी रोजच्या बोलण्यात ‘नू’ ऐवजी सर्रास ‘ऑं’ वापरतात आणि त्यालाही ‘पार्ल’ च. म्हणजे सहापैकी पाच जागी एकच आवाज, राहिलं फक्त ‘वू पार्ले’, म्हणजे तुम्ही बोलता. मग वाक्य बोलायच्या आधी डोक्यात तक्ता उघडून शेवटचं अक्षर कुठलं ते कशाला तपासायचं? लिंग चुकलं तर ते ऐकू येतं, पण पुल्लिंगी ‘अँ’ (एक) च्या जागी स्त्रीलिंगी ‘यून’ झालं म्हणून बोलणं अडत नाही. नाम पाठ करतानाच त्याच्या आधी येणारं पुल्लिंगी ‘ल’ किंवा स्त्रीलिंगी ‘ला’ सोबत घेऊन पाठ केलं तर ही चूक हळूहळू कमी होते.

आणि मराठी माणसाचं तोंड फ्रेंचला बरंच तयार असतं. फ्रेंच त, द दाताला जीभ लावून होतात, आपले तसेच. प, त, क मध्ये हवा सोडायची नाही, तीही आपली सवय. घशातला र आणि ओठ ऊ सारखे ठेवून आतून ई म्हणायचा तो स्वर, यांना वेळ लागतो, त्यांच्यासाठी बोलणं अडवून ठेवू नका.

आता प्रत्यक्ष सराव. एक विषय घ्या, समजा कालचा दिवस, त्यावर चार मिनिटं एकट्याने मोठ्याने बोला, मग तेच तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत. विषय बदलायचा नाही, तीच गोष्ट. तिसऱ्या वेळी शब्द आपोआप येतात आणि तुम्हाला स्वतःला ऐकू येतं की मी सलग बोलतेय, हे कोणी कौतुक करून मिळत नाही. त्यानंतर एकाच माणसाबरोबर बोला, सगळ्या क्लाससमोर नंतर. शिक्षकांना स्पष्ट सांगा की मधेच दुरुस्त करू नका, माझं झाल्यावर दोन-तीन चुका सांगा. चांगला शिक्षक हे आनंदाने ऐकतो. नाही ऐकला तर माझ्या मते बोलायच्या सरावासाठी दुसरा बघावा. बाहेरच्या फ्रेंच माणसाने मात्र मधेच चूक सुधारली तर वाईट वाटून घेऊ नका, बरेच जण ते सहज करतात, तो शब्द परत म्हणायचा आणि पुढे जायचं. त्याने इंग्रजी सुरू केलं तर ‘ज प्रेफेर कॉंतिन्यूए आं फ्रांसे’, म्हणजे मला फ्रेंचमध्येच बोलत राहायचंय, असं म्हणा, हसून म्हणा, बहुतेक लोक लगेच परत फ्रेंचवर येतात.

(छाती धडधडणं, झोप उडणं हे कोणत्याही भाषेत चार माणसांत बोलताना होत असेल तर तो फ्रेंचचा प्रश्न नाही, त्यासाठी समुपदेशकाशी जरूर बोला.)

शेवटी परीक्षेचं, कारण तुम्ही डेल्फ, म्हणजे फ्रेंचची अधिकृत परीक्षा, ए२ पातळीची देणार असं लिहिलंय. युरोपच्या ज्या चौकटीवर या पातळ्या बेतलेल्या आहेत त्यात ए२ च्या माणसाकडून काय अपेक्षा आहे ते वाचा, थांबणं, सुरुवात करून परत वाक्य बदलणं हे स्पष्ट जाणवणार असं तिथे गृहीतच धरलंय, काळांची गल्लत होणार हेही लिहिलंय, आणि नाही कळलं तर परत सांगायला सांगता येणं हे तर कौशल्य म्हणून नोंदलंय. पास व्हायला १०० पैकी ५० लागतात आणि प्रत्येक भागात २५ पैकी किमान ५. तोंडी भाग ६ ते ८ मिनिटांचा असतो, त्याआधी तयारीला १० मिनिटं मिळतात. त्या १० मिनिटांत पूर्ण वाक्यं लिहू नका, नुसते सात-आठ शब्द क्रमाने लिहा, कारण वाक्यं लिहिली की माणूस कागद वाचायला लागतो आणि परीक्षकाने मधे प्रश्न विचारला की ओळ हरवते. ओळख करून द्यायचा पहिला भाग तयारीशिवायच असतो, तो मात्र घरी इतक्या वेळा बोलून जा की खुर्चीत बसल्या बसल्या सुरू करता येईल.