कापडी डायपर घेतीयस? आधी हे वाच ग

अगं, एकदम वीस-पंचवीसचा सेट मागवू नकोस, आधी दोन-तीन घे, बाळाच्या मांड्यांना इलॅस्टिक बसतंय का बघ, मग बाकीचे. आणि नवीन इन्सर्ट, म्हणजे डायपरच्या आत घालायच्या शोषणाऱ्या पट्ट्या, चार-पाच धुण्यांशिवाय नीट पाणी शोषत नाहीत, मला हे माहीतच नव्हतं, पहिल्याच दिवशी सासूबाईंच्या इरकलीवर सगळं गळलं, अजून ऐकतीय मी ते!

आपल्याकडं खरी अडचण पावसाची. बेळगावात जून-जुलैत झड लागली की जाड इन्सर्ट दोन-दोन दिवस वाळत नाहीत, खानापूरकडं तर विचारूच नको. म्हणून घडीचं सुती कापड घे, उलगडून दोरीवर टाकलं की पंख्याखाली रात्रीत वाळतंय. आईच्या जुन्या सुती साडीचे लंगोट तर फुकटच की. मायक्रोफायबरचं (बारीक कृत्रिम धाग्याचं) इन्सर्ट मात्र थेट बाळाच्या कातडीला लावू नको, कातडी कोरडी पडते. फॅब्रिक कंडिशनर पण नको, शोषणं कमी होतं.

'बांबू', 'इको' लिहिलेले वापरून फेकायचे डायपर बघून भुलू नको, आत बऱ्याचदा तीच प्लास्टिकची जेल असते. आणि कापडी म्हणजे पर्यावरणाला आपोआप चांगलं असंही नाही हं, ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेनं २००८ मध्ये हिशोब मांडला होता, मशीन भरून धुवा, ड्रायर टाळा, दुसऱ्या बाळाला तेच वापरा, तरच फायदा.

प्रवासाला, रात्रीला मी विकतचेच लावते, खोटं कशाला बोलू. फक्त शी संडासात टाकून, कागदात गुंडाळून वेगळं दे, घंटागाडीत ओल्या कचऱ्यात नको.