नवीन बालवाडी ताईसाठी: हात धुण्याचं एवढं बघच

अगं, पोस्टर लावून काही होत नाही, तीन-चार वर्षांची पोरं वाचतात थोडीच. आधी पाण्याचं बघ. आपल्याकडे चाळीत, वस्तीत पाणी ठराविक वेळीच येतं, मग नळ आहे पण कोरडा. म्हणून तोटीवालं पिंप मुलांच्या हाताला येईल एवढ्याच उंचीवर ठेव आणि सकाळीच भरून घे. बादलीत सगळ्यांचे हात बुडवायचे नाहीत, एकाची घाण सगळ्यांना लागते.

साबण साधाच घे, जंतुनाशक महागडा लागत नाही. वडी निसटते ना त्यांच्या हातातून, म्हणून जुन्या मोज्यात घालून तोटीला बांध, मोज्यावरून चोळलं की फेस येतो आणि पोरांना मजा पण वाटते. फेस निदान २० सेकंद चोळायचा, म्हणजे एखादं बडबडगीत सावकाश म्हणून होईपर्यंत. अंगठा आणि बोटांच्या बेचक्या हमखास राहतात, तिथे लक्ष दे, नखं पण बघत जा.

शी-शू झाल्यावर आणि खाऊच्या आधी, या दोन वेळा चुकवायच्याच नाहीत. पावसाळ्यात तर जास्तच सांभाळ, जुलाब आणि हात-पाय-तोंडाचे फोड एकाला आले की वर्गभर पसरतात, आणि त्यात नुसत्या सॅनिटायझरवर भागत नाही, साबणच पाहिजे. पुसायला एकच टॉवेल नको हां, प्रत्येकाचा रुमाल फ्रॉकला-शर्टाला पिनेने लाव.

आणि तू स्वतः त्यांच्यासमोर धू, बघून करतात ती.