ऑक्सिजन सेन्सर बदलूनही चेक इंजिनचा दिवा परत लागतो तेव्हा

तुम्ही कळवलंत त्याप्रमाणे तुमची गाडी २०१४ ची, पेट्रोल, बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट, रनिंग सव्वा लाखाच्या पुढे. दर आठ-दहा दिवसांनी चेक इंजिनचा दिवा लागतो, गॅरेजवाले स्कॅनर लावून दोषाचा कोड पुसून देतात. कोड दर वेळी तोच, पी०१७१. ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टच्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते बघणारा) नवा टाकला तरी दिवा आला, आणि आता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) बदला म्हणतायत. तो खर्च आत्ता करू नका. कन्व्हर्टर कमजोर झाला तर सहसा पी०४२० येतो, तो तुमच्याकडे एकदाही आलेला नाही.

पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी, म्हणजेच मिश्रण पातळ. ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) ही कसर इंधन वाढवून भरून काढत राहतो आणि ती वाढ ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की दिवा लावतो. ऑक्सिजन सेन्सरने फक्त खबर दिली. ती खरी असेल तर नवा सेन्सरही तीच देणार, आणि तुमच्याकडे तसंच झालंय.

कोड पुसला की दोन कामाच्या गोष्टी जातात. एक, फ्रीज फ्रेम: कोड नोंदला गेला त्या क्षणीचे आरपीएम, लोड, वेग, इंजिनचं तापमान. दुसरी, ईसीयूने शिकून ठेवलेली इंधनाची दुरुस्ती, म्हणजे लाँग टर्म फ्युएल ट्रिम. ती पुन्हा शून्यापासून वर चढते, आणि असे बरेचसे दोष सलग दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय दिवा लागत नाही. पुसल्यावर आठवडाभर शांतता वाटते ती यामुळे. बॅटरीची वायर काढून ठेवली तरी तेच होतं. तेव्हा यापुढे आधी नोंद, मग पुसणं.

एक साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचा) घ्या आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये शॉर्ट टर्म (त्या क्षणाची दुरुस्ती) आणि लाँग टर्म ट्रिम बघा. दोन्हींची बेरीज उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांत असेल तर ठीक. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर एकदा आयडलिंगला बघा, एकदा अडीच हजार आरपीएम धरून. आयडलिंगला अधिक वीस-पंचवीस आणि रेस केल्यावर जवळजवळ नॉर्मल, तर हवा कुठूनतरी चोरून आत येतेय: तडकलेला पीसीव्ही पाइप (इंजिनातली वाफ परत आत नेणारा), मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाइप. उलट लोडवर, चढावर आकडा वाढत असेल तर इंधन कमी पडतंय.

एक बारकावा मात्र सांगायलाच हवा, कारण इंटरनेटवरची बहुतेक माहिती एअर फ्लो सेन्सरच्या (आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या) गाड्या धरून लिहिलेली असते. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत मॅप सेन्सर असतो, तो मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा अंदाज घेतो. चोरून आलेली हवाही त्यात धरली जाते, त्यामुळे तिथे गळतीने आयडलिंग चढतं, पण मिश्रण तितकं बिघडत नाही. तुमच्या गाडीत मॅप सेन्सर असेल तर व्हॅक्यूम पाइपच्या मागे फार दिवस घालवू नका. गळती शोधायचीच असेल तर स्मोक टेस्ट (पाइपांत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं) करून घ्या. त्यासाठी गरम इंजिनवर कार्ब क्लीनरचा पेट घेणारा फवारा मारणं धोक्याचं आहे, गॅसच्या गाडीत तर नकोच.

माझा पहिला संशय गॅस किटवर आहे. अशा गाडीत गॅसवर चालतानाही पेट्रोलचा ईसीयू जागाच असतो. ऑक्सिजन सेन्सरकडे बघून तो दुरुस्ती करत राहतो, आणि गाडी त्या वेळी गॅसवर आहे हे त्याला सहसा माहीतच नसतं. किटचं ट्यूनिंग (गॅस किती सोडायचा याचा तक्ता) ढळलं, गॅसचा फिल्टर चोंदला किंवा रिड्यूसर (सिलिंडरच्या गॅसचं प्रेशर कमी करणारा भाग) कमी प्रेशर देऊ लागला, तर मिश्रण पातळ होतं आणि पेट्रोलच्या खात्यावर पी०१७१ पडतो. म्हणून ट्रिम टिपून घ्या, कोड एकदाच पुसा आणि पंधरा दिवस गाडी फक्त पेट्रोलवर चालवा. खर्च जास्त होईल, पण एवढं स्वच्छ उत्तर दुसऱ्या कशाने मिळत नाही. ट्रिम शून्याजवळ आली आणि दिवा लागला नाही, तर गाडी किटवाल्याकडे न्या. लॅपटॉप लावून पुन्हा ट्यूनिंग आणि फिल्टर एवढंच बहुतेक वेळा लागतं.

पेट्रोलवरही ट्रिम चढलेलीच राहिली तर फ्युएल प्रेशर मोजून घ्या. गॅसवर चालवणारे टाकीत जेमतेम पेट्रोल ठेवतात. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो आणि बऱ्याच किटमध्ये गॅसवर असतानाही तो फिरतच असतो, त्यामुळे तो लवकर कमजोर होतो. पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा. इंजेक्टरही फारसे न वापरल्याने चिकट होतात.

प्रेशर ठीक निघालं तर एक्झॉस्ट बघा. सेन्सरच्या आधी मॅनिफोल्डला बारीक तडा असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू विनाकारण इंधन वाढवतो. थंड इंजिन सुरू करताना टिकटिक ऐकू येते का बघा. पीयूसीच्या कागदावरचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मागच्यापेक्षा बराच वाढला असेल तर हा संशय बळावतो, कारण मिश्रण खरोखर पातळ असताना सीओ सहसा वाढत नाही.

वायरिंगवरही नजर टाका. पावसाळ्यात कपलरमध्ये (वायरींच्या जोडणीत) हिरवा गंज धरतो आणि उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. पेट्रोलचं झाकण घट्ट करा हा सल्ला मात्र अमेरिकेतल्या गाड्यांचा आहे, तिथे टाकीतून वाफ गळते का हेही ईसीयू तपासतो. पी०१७१ शी त्याचा संबंध नाही.

आई-वडिलांना घेऊन रात्रीचे घाटातून जाता म्हणालात, म्हणून हे आवर्जून: दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट ओढत असेल तर सावकाश घरी येता येतं. तो लुकलुकायला लागला तर मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) जोराचा आहे, न जळलेलं इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो लाल होईपर्यंत तापू शकतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागा बघून गाडी बंद करा.

पुढच्या वेळी दिवा लागला की पुसण्याआधी फ्रीज फ्रेमचा फोटो काढा. तो, आयडलिंगच्या आणि अडीच हजारच्या ट्रिम, आणि गाडी तेव्हा गॅसवर होती की पेट्रोलवर, एवढं कळवा. त्यावरून पुढे कुठे हात घालायचा ते सांगतो.