तेल थिजतं की गोठतं? आणि त्याचं लोणी होतं का?

साबण-मेणबत्त्यांवरच्या पुस्तिकेचं भाषांतर करताना तुम्ही दोन ठिकाणी अडलात: 'कोको बटर'ला लोणी आणि 'सोया वॅक्स'ला मेण म्हणावं का, आणि खोबरेल थंडीत गोठतं की थिजतं?

आधी क्रियापद, कारण खरी गंमत तिथेच आहे. खोबरेल थिजतं. पाणी गोठतं ते एका ठरावीक तापमानाला. तेल मात्र अनेक मेदांचं मिश्रण, आणि त्यातला प्रत्येक मेद वेगळ्या तापमानाला घट्ट होतो. म्हणून तेल आधी गढूळ दिसतं, मग कणी धरतं, मग सावकाश आळत जातं. ही सगळी चाल 'थिजणे'त आहे, 'गोठणे'त नाही. खोबरेल साधारण 24-25 अंश सेल्सिअसला या वळणावर येतं. (भीतीनं माणूस थिजतोही आणि गोठतोही, तिथे हवं ते घ्या.)

'लोणी' हे 'नवनीत'वरून आलेलं, म्हणजे नुकतंच काढलेलं. त्यात सुमारे 16 टक्के पाणी असतं. कोकोच्या बिया दाबून निघणाऱ्या मेदात पाणी जवळजवळ नसतंच, तेव्हा काटेकोर बोलायचं तर ते तुपाच्या जवळचं. पण 'कोकोचं तूप' वाचून कुणाला अर्थबोध होणार? 'कोको बटर'च राहू द्या. ते 34 अंशांच्या आसपास, म्हणजे अंगाच्या उष्णतेला वितळतं. म्हणूनच ओठांच्या मलमांत आणि शरीरात विरघळणाऱ्या औषधी वड्यांत त्याचा उपयोग होतो.

मेणाचं प्रकरण अवघड. मेदाच्या रेणूत ग्लिसरीनचा भाग असतो, खऱ्या मेणाच्या रेणूत तो नसतो. सोया वॅक्स म्हणजे हायड्रोजन जोडून घट्ट केलेलं सोयाबीनचं तेल (ही युक्ती जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांची, पेटंट 1902चं), म्हणजे रसायनाच्या हिशेबानं मेदच. उलट जोजोबा या झुडपाच्या बियांचं 'तेल' हे खरं तर पातळ मेण! नावं देणाऱ्यांनी हात लावून पाहिलं आणि नाव दिलं, रेणू कुणी मोजले नाहीत. शिवाय ज्याची बत्ती होते ते मेण, हे मराठीत 'मेणबत्ती'नं केव्हाच ठरवून टाकलंय. तेव्हा बिनदिक्कत 'सोयाचं मेण' लिहा.

प्रकरणाच्या मथळ्यासाठी 'घट्ट वनस्पतिज मेद' चालेल. 'स्निग्ध पदार्थ' नको, त्यात पातळ तेलंही येतात. आणि 'चरबी' तर अजिबात नको: तो शब्द वाचला की वाचकाच्या डोळ्यांपुढे जनावर उभं राहतं, आणि तुमचा साबण तर निव्वळ वनस्पतींचा आहे.